घाटाखालचं पेट्रोल

नव्या गाडीतून आवाज येतो अशी तक्रार घेऊन माणूस आला, की नीलांबरी शिर्के आधी त्याला डिकी उघडायला लावी. निम्मे आवाज तिथेच सापडत. पूजेचा नारळ गडगडत असे, लेकीच्या सासरी पोचवायचा राहून गेलेला स्टीलचा डबा असे, एकदा तर चक्क वरवंटा निघाला होता. उरलेल्यांपैकी बहुतेक आवाज डॅशबोर्डवर चिकटवलेल्या देवाच्या मूर्तीचे. आवाज सापडला की मालक ओशाळे, नीलांबरी हसल्यासारखं करी आणि पुढची गाडी आत येई. कऱ्हाडच्या त्या वर्कशॉपात ती कित्येक वर्षं हेच करत आली होती आणि आता तिला मनापासून कंटाळा आला होता. घरी कुकरची शिट्टी झाली तरी तिला वाटे, कुणीतरी तपासायला आणून ठेवलंय.

खरं तर तिची गरजही फारशी उरली नव्हती. पेट्रोलच्या गाड्या संपणार संपणार म्हणत संपल्या नव्हत्या, पण फार नाजूक झाल्या होत्या. इंजिनात पेट्रोल आणि हवेचं मिश्रण दाबतात आणि मग ठिणगी देतात, एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. जितकं जास्त दाबावं, तितकं त्याच थेंबातून जास्त बळ निघतं. पण पेट्रोललाही सोसण्याची हद्द असते. हद्दीपलीकडे दाबलं, तर ते ठिणगीची वाट न बघता आपणच पेट घेतं आणि सिलिंडरच्या भिंतीवर आतून ठोका बसतो. पेट्रोल किती दाब निमूटपणे सोसेल, त्या मापाला ऑक्टेन म्हणतात. ही नवी इंजिनं आपला दाब आपणच कमीजास्त करत आणि सदैव त्या हद्दीच्या काठावरून चालत, कारण मायलेज तिथेच होतं. काठावरून चालायचं तर कान उघडे हवेत, म्हणून इंजिनाच्या अंगावर रुपयाएवढी एक चकती बसवलेली असे. चकतीला ठोका ऐकू आला की ठिणगी किंचित मागे सरे. मालकाला यातलं काही कळतही नसे.

इथवर सगळं ठीक होतं. पुढे गाड्या बनवणाऱ्या कंपनीच्या मनात आलं, की लाखो चकत्या रात्रंदिवस ऐकत आहेत तर त्यांचं ऐकलेलं वाया का घालवायचं? कुठल्या पंपावर पेट्रोल भरल्यावर गाड्या जास्त ठोके देतात, याची सरासरी काढली की त्या पंपाचं पेट्रोल कसं आहे ते घरबसल्या कळतं. या व्यवस्थेचं नाव ठेवलं श्रुती. देशातल्या प्रत्येक पंपाला तिने एक आकडा दिला आणि तो गाडीच्या पडद्यावर झळकू लागला. चांगला आकडा हिरवा, बेताचा पिवळा, वाईट तो लाल. लाल पंपावर भरलेल्या पेट्रोलने इंजिन बिघडलं तर वॉरंटी गेली. मग लाल पंपाकडे कोण कशाला वळेल? भेसळ करणारे कितीतरी पंप त्या पहिल्याच वर्षात बंद पडले आणि लोकांनी श्रुतीला डोक्यावर घेतलं.

नीलांबरीची नोकरी टिकली ती कायद्यामुळे. तक्रारीचा शेवटचा शेरा माणसानेच द्यावा असा नियम होता. शेरे तीनच. यंत्रदोष असेल तर खर्च कंपनीचा, इंधनदोष असेल तर पंपाचा, आणि मालकाचा हलगर्जीपणा असेल तर मालकाचा. कुठला शेरा द्यावा ते श्रुती आधीच सुचवून ठेवी. नीलांबरीने खाली सही करायची. त्यासाठी तिला पगार होता, खुर्ची होती, आणि उन्हाळ्यात पंखाही होता.

थंडीच्या दिवसांत पाटणचे दातांचे डॉक्टर नलवडे आपली गाडी घेऊन आले. गाडी जेमतेम वर्षाची. सकाळी सुरू केली की पुढून टिकटिक होते, आणि जरा चालली की गप्प, असं त्यांचं म्हणणं. वर्कशॉपात गाडी येईपर्यंत इंजिन गरम झालेलं असे, त्यामुळे इथे कुणाला आवाज ऐकूच येत नव्हता. याआधी दोनदा त्यांना हात हलवत परत पाठवलं होतं. डॉक्टर चिडले होते, पण सभ्य माणूस. दाढ दुखते म्हणणाऱ्याला मी असं घरी पाठवत नाही, एवढंच ते म्हणाले. त्यांना शंका होती ऑक्टेनची. भारी पेट्रोल टाकायला हवं होतं का, असं त्यांनी विचारलं. त्यांचा चिपळूणलाही दवाखाना होता, आठवड्यातून दोनदा कुंभार्ली घाटाने ये-जा होई आणि परतताना घाट चढण्याआधी ते पायथ्याच्या पंपावर टाकी भरून घेत.

"चाळक्यांचा पंप," डॉक्टर म्हणाले. "आकडा बघूनच भरतो मी. त्या रस्त्यावर त्याच्याइतका हिरवा पंप दुसरा नाही."

नीलांबरीने मान डोलावली. चाळक्यांचा पंप तिच्या माहेरचा होता, आणि तो चालवणारा रणजित चाळके तिचा सख्खा मोठा भाऊ. हे तिने डॉक्टरांना सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात काही आहे असं तिला तेव्हा वाटलंच नाही.

गाडी तिने ठेवून घेतली. सकाळी गारठलेलं इंजिन तिच्यासमोर सुरू केलं, तेव्हा टिकटिक साफ ऐकू आली. वर्कशॉपातले जुने मेकॅनिक असलम मुल्ला यांनी इंजेक्टर बाहेर काढले. इंजेक्टर म्हणजे सिलिंडरात पेट्रोलचा फवारा मारणारी तोटी. चारही तोट्यांच्या टोकांवर काजळीचा जाड थर बसला होता आणि फवारा वाकडा पडत होता. वर्षभराच्या गाडीत असं होत नाही. श्रुतीने मात्र पडद्यावर निकाल लिहून ठेवला होता. इंधन उत्तम, सबब मालकाचा हलगर्जीपणा.

नीलांबरीने टाकीतलं थोडं पेट्रोल स्टीलच्या ताटलीत ओतलं आणि ताटली मागच्या अंगणात, उन्हात ठेवली. ही जुनी पद्धत होती, आता कुणी वापरत नसे. शुद्ध पेट्रोल उडून जातं, मागे फार तर पुसटसा चिकट डाग राहतो. चहा पिऊन ती परत आली तेव्हा ताटलीत पांढऱ्या चकचकीत पापड्या होत्या. तिने एक पापडी बोटावर घेतली आणि नाकाशी नेली. आईच्या ट्रंकेतल्या शालूंचा वास. डांबरगोळी.

मुल्लांनी विचारलं, काय आहे मॅडम? ती म्हणाली, बघते. आणि अंगणातल्या टायरवर बसून राहिली.

डांबरगोळी पेट्रोलमध्ये कोण घालतं, हे चाळक्यांच्या घरात तरी शिकवावं लागत नव्हतं. तिचे वडील, अप्पा, स्कूटरवरून घाट चढताना इंजिन ठोके द्यायला लागलं की खिशातून गोळी काढून टाकीत सोडत. त्या काळात बरेच स्कूटरवाले हे करत. गोळीने पेट्रोलची सोसण्याची ताकद थोडी वाढते आणि ठोके थांबतात, हे खरं आहे. पण ती नीट जळत नाही, तिची काजळी धरते. स्कूटरचं जाडजूड इंजिन ती काजळी पचवून टाकी. नव्या इंजेक्टरची भोकं केसाहून बारीक.

आता मागचं सांगायला हवं. श्रुती आली त्याच वर्षी रणजितचा पंप लाल झाला होता. अप्पांनी उभारलेला पंप, पेट्रोलमध्ये कधी थेंबाची भानगड नाही. रणजित बहिणीला सारखा फोन करी. घाटमाथ्यावरचा पंप हिरवा आहे, त्याला आणि मला एकाच टँकरमधून पेट्रोल येतं, मग माझंच वाईट कसं? नीलांबरीने नमुना नेऊन तपासला होता. पेट्रोल चोख होतं. मग एके दिवशी घाट उतरताना तिच्या लक्षात आलं आणि तिला स्वतःचं हसू आलं, इतकं ते साधं होतं. पायथ्याला पेट्रोल भरलेली गाडी लगेच घाट चढते. माणसं, सामान, दुसरा गिअर, इंजिन तापलेलं. कितीही चांगलं पेट्रोल असो, तिथे ठोके पडणारच. आणि माथ्यावर भरलेली गाडी घाट उतरते, इंजिनाला कामच नाही, ठोका पडेल कशाला? श्रुती घाटाचा चढ ऐकत होती आणि नाव पेट्रोलचं लिहीत होती.

तिने हे सविस्तर लिहून पुण्याला वरिष्ठांकडे, देवस्थळी साहेबांकडे पाठवलं. सह्याद्रीतल्या प्रत्येक घाटाच्या पायथ्याचे पंप काढून बघा, सगळे लाल-पिवळे दिसतील, असंही लिहिलं. देवस्थळी फोनवर गोड बोलले. मुद्दा नोंदवून घेतलाय म्हणाले. तुम्ही एक नमुना तपासलात, श्रुतीने लाखो गाड्या ऐकल्यात, हेही म्हणाले. पुढच्या आवृत्तीत बघू. त्यानंतर ते घोंगडं भिजत पडलं ते पडलंच. रणजितला तिने सांगितलं, दादा, थोडं थांब, माझं ऐकतील ते. पंपावरची चार माणसं त्याने कमी केली. वहिनीने शाळेत नोकरी धरली.

आणि मग वर्षभरापूर्वी पंपाचा आकडा चढू लागला. पिवळा झाला, हिरवा झाला. नीलांबरीला वाटलं, कंपनीने गुपचूप दुरुस्ती केली. चूक कबूल करायची कंपनीची रीतच नव्हती, तेव्हा गुपचूप केली असणार. भाऊबिजेला ती गेली तेव्हा रणजितने तिला पेढा भरवला, तुझ्यामुळे झालं म्हणाला. तिने तो पेढा खाल्ला होता. इतर घाटांखालचे पंप अजून लालच का, हे बघायचं तिला सुचलंच नाही. आपलं माणूस सुटलं की बाकीचं बघायला कुणाला सुचतं? टायरवर बसल्याबसल्या तिने मोबाइलवर ते बघितलं. वरंध, आंबा, फोंडा, करूळ. प्रत्येक घाटाखाली लाल ठिपका, एकट्या कुंभार्लीखाली हिरवा.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून ती घाट उतरली. रणजित पंपाच्या केबिनमध्ये होता. बहीण आडदिवशी आली म्हणून तो आधी घाबरला, घरी सगळे बरे आहेत ना विचारलं, कोकम सरबत मागवलं. नीलांबरीने पिशवीतून कागदाची पुडी काढून टेबलावर उघडली. रणजितने पापड्यांकडे एकदा बघितलं. उठून केबिनचं दार लोटलं आणि परत येऊन बसला.

किती दिवस, असं तिने विचारलं. लाल झाल्यावर वर्षभर तो थांबला होता. मग थकलेल्या कर्जापायी बँकेचा माणूस पंपाची मोजमापं घ्यायला आला, त्या आठवड्यात त्याने डांबरगोळ्यांचं पहिलं पोतं आणलं. पहाटे आपल्या हाताने पिंपात विरघळवायचं आणि टाकीत सोडायचं. कामगारांना वाटे, मालक कसलंसं औषध घालतात.

"दादा, गाड्यांचे इंजेक्टर बसतायत. उद्या कुणाची गाडी घाटातल्या वळणावर बंद पडली तर?"

"माहीत आहे मला," रणजित म्हणाला. त्याचा आवाज चढला नाही. "पेट्रोल चोख होतं तेव्हा मी लाल होतो, नीलू. घाण कालवली आणि हिरवा झालो. तूच सांग, यंत्राला काय हवं होतं माझ्याकडून?"

तिला त्याचा राग आला होता. पेढा भरवताना त्याने आपल्या डोळ्यांत बघितलं होतं हे आठवून तर फारच आला होता. पण रागवायला लागणारं बळ तिच्यात नव्हतं. बाहेर एक मुंबईची गाडी टाकी भरून घेत होती. आत दोन म्हातारी माणसं, वर टपावर बॅगा. ती घाटाकडे वळली तेव्हा भाऊ-बहीण दोघंही दिसेनाशी होईपर्यंत तिच्याकडे बघत राहिली.

मग तिने येताना घाटात ठरवलेलं सांगितलं. श्रुतीच्या निकालावर मी सही केली तर भुर्दंड डॉक्टरांना आणि तू सुखरूप. कुणाला काही कळणार नाही. यंत्रदोष लिहिला तर डॉक्टर सुटतील, पण तू कालवतच राहशील, कारण थांबलास की महिन्याभरात पुन्हा लाल होशील. आणि इंधनदोष लिहिला तर तुझा पंप जाईल. पण मग कंपनीला सांगावं लागेल, की श्रुतीने भेसळीच्या पेट्रोलला वर्षभर उत्तम म्हटलं. माझ्या घाटाच्या मुद्द्याला आजवर कुणी विचारलं नाही, कारण हातात पुरावा नव्हता. आता आहे. तो तू आहेस.

रणजित बराच वेळ पुडीची घडी घालत होता. अप्पांचा फोटो त्याच्या मागेच होता, पण त्याने वळून पाहिलं नाही.

"तू लिहिणार आहेस," तो म्हणाला. "विचारायला नाही आलीस."

"हो."

"मग लिही. नुसतं पोत्याचंच लिहू नकोस. आधीच्या चोख पेट्रोलचंही लिही. अप्पांपासूनचं."

ती निघाली तेव्हा तो सोडायला बाहेर आला नाही. आरशात तिला दिसलं, की तो पंपावरच्या माणसांना हातवारे करून गाड्या थांबवायला सांगतोय. रस्त्याच्या कडेचं पिंप आडवं करून त्याने दोन्ही वाटांवर आडवी दोरी बांधली. सील ठोकायला कुणी यायच्या आधीच त्याने पंप बंद केला.

नीलांबरीने शेरा लिहिला. इंधनदोष. खाली पंपाचं नाव, मालकाशी असलेलं स्वतःचं नातं, पापड्यांचा तपास आणि घाटाचं सगळं गणित. त्याच संध्याकाळी देवस्थळींचा फोन आला. त्यांचा गोडवा आटला होता. श्रुतीने हिरवा दिला होता, तुम्ही मुकाट्याने सही केली असती तर काय बिघडलं असतं, असं त्यांनी विचारलं. आणि सख्ख्या भावाला अडकवून तुम्हाला काय मिळालं, असंही. नीलांबरी म्हणाली, सर, मला झोप हवी आहे, आणि फोन ठेवून दिला.

पुढचं सगळं रीतसर झालं. डॉक्टर नलवड्यांना नवे इंजेक्टर कंपनीने पंपाच्या खर्चाने बसवून दिले. पंपाला सील लागलं, परवाना गेला, रणजितवर खटला उभा राहिला. भेसळीच्या पेट्रोलला श्रुती वर्षभर उत्तम म्हणत होती ही बातमी फुटली, तेव्हा कंपनीची पळापळ झाली आणि पुढची आवृत्ती एकदाची आली. तिच्यात चढ धरला होता, ओझं धरलं होतं, ऊन धरलं होतं. घाटांखालचे पंप एकेक करून हिरवे झाले. आंबा घाटाच्या पायथ्याच्या एका पंपवाल्या बाईने वर्कशॉपच्या पत्त्यावर फणसाची साठं पाठवली. नीलांबरीने ती मुल्लांना दिली, तिच्याने खाववेना. माहेरचा फोन या सगळ्या काळात एकदाही आला नव्हता, आणि तिने केलेला वहिनी उचलत असे.

नव्या आवृत्तीने जुन्या वर्षांचं गणितही पुन्हा मांडलं होतं. एका दुपारी नीलांबरीने आपल्या पडद्यावर चाळके पंप उघडला. सीलची नोंद सरकारी दप्तरात होती, ती श्रुतीपर्यंत पोचलेली नव्हती. भेसळीचं वर्ष श्रुतीने आता वगळलं होतं आणि उरलेल्या वर्षांवरून आकडा दिला होता. रणजितला लाल ठरवलं गेलं त्या दिवसापासून पहिलं पोतं येईपर्यंत सगळं हिरवं होतं. कुंभार्लीच्या त्या रस्त्यावर सगळ्यात हिरवं. तिने लगेच फोन लावला. वहिनीने उचलला, जरा घोटाळली, मग म्हणाली, थांबा, देते.

नीलांबरीने आकडा वाचून दाखवला.

"माहीत आहे," रणजित म्हणाला. "काल एक गाडी आली होती. दोरी ओलांडून आत आला माणूस. म्हणाला, गाडीनेच इथे पाठवलंय, इथलं पेट्रोल सगळ्यात चांगलं आहे म्हणे. आत्ताही एक उभी आहे बाहेर."

"मग काय सांगितलंस?"

"सांगणार काय? माथ्यावरच्या पंपाचा रस्ता दाखवला." त्याचा आवाज दमलेला होता, तिच्यासारखाच. "अप्पांपासून हात जोडून गाड्या बोलावल्या आपण, नीलू. आता आपणहून यायला लागल्यात, आणि द्यायला टाकीत थेंब नाही."